पाणपक्षी, पाणवनस्पती आणि स्वयंसेवी नोंद : नांदूर मध्यमेश्वर अभयारण्याच्या संदर्भात

बीजशब्द : स्वयंसेवी निरीक्षण, पाणथळ जागा, पक्षीगणना, चौकट पद्धत, शून्य नोंद, जलपर्णी.

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमापाशी ब्रिटिश अमदानीत एक बंधारा बांधण्यात आला. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील कोरड्या मुलखाला कालव्यांनी पाणी द्यावे, एवढाच त्यामागील हेतू होता. पुढे बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, लहानमोठी बेटे आणि दलदल तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि त्यांच्या आश्रयाने पक्षी येऊ लागले. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने जो दोष, तोच पक्ष्यांच्या दृष्टीने गुण ठरला. १९८६ साली या परिसरास अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०१९ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून त्याची नोंद झाली व जानेवारी २०२० मध्ये ती जाहीर करण्यात आली. महाराष्ट्रातील ही पहिलीच रामसर जागा होय. या नोंदीत येथील ५३६ प्रजातींचा उल्लेख असून, जागेला असलेल्या धोक्यांमध्ये जलपर्णीसारख्या आक्रमक वनस्पती, वाढते नागरीकरण आणि पाण्याचा उपसा यांचा निर्देश केलेला आहे.

हिवाळ्यात येथे अभ्यागतांची गर्दी असते. अनेक महाविद्यालये विद्यार्थ्यांना घेऊन येतात. मनोऱ्यावरून दुर्बिणीने पक्षी पाहिले जातात, छायाचित्रे काढली जातात व अहवालात जातींची यादी जोडली जाते. या भेटींचे शैक्षणिक मूल्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु पक्षी पाहणे आणि पक्ष्यांची सातत्याने नोंद ठेवणे, ज्याला शासकीय परिभाषेत संनियंत्रण म्हणतात, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत निरीक्षकास काय दिसले याला महत्त्व असते. दुसरीत जागेमध्ये काय बदलले हा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर एका भेटीत कधीच मिळत नाही. हे काम स्वयंसेवकांकडून शास्त्रीय दर्जाने कसे होऊ शकते, पक्ष्यांबरोबर वनस्पतींची नोंद का आवश्यक आहे आणि त्यात महाविद्यालयीन अध्यापकाचे नेमके स्थान कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हौशी निरीक्षकांची परंपरा

‘हौशी माणसांनी जमविलेल्या माहितीला शास्त्रीय आधार तो काय?’ हा प्रश्न विभागाच्या बैठकीत हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर शंभर वर्षांहून जुन्या अनुभवात आहे. अमेरिकेत नाताळच्या दिवशी बंदुका घेऊन जास्तीत जास्त पशुपक्षी मारण्याची स्पर्धा लावण्याची प्रथा होती. तिला पर्याय म्हणून फ्रँक चॅपमन यांनी २५ डिसेंबर १९०० रोजी पक्षी मारण्याऐवजी मोजण्याचे आवाहन केले. पहिल्या वर्षी २७ जण सहभागी झाले. ही गणना आजतागायत चालू आहे.

पद्धतीच्या दृष्टीने याहून महत्त्वाची आहे ती १९६६ साली चँडलर रॉबिन्स यांच्या पुढाकाराने सुरू झालेली विणीच्या हंगामातील पाहणी. तिच्यात प्रत्येक मार्ग सुमारे ३९ किलोमीटरचा असतो, त्यावर ५० थांबे ठरलेले असतात आणि प्रत्येक थांब्यावर बरोबर ३ मिनिटे मोजणी केली जाते. मार्ग, थांबे आणि कालावधी निरीक्षकाच्या इच्छेवर सोडलेले नाहीत. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने उत्तर अमेरिकेत १९७० नंतर सुमारे २९० कोटी पक्षी कमी झाल्याचे दाखविले. त्याचा मोठा आधार या स्वयंसेवी नोंदी होत्या. निरीक्षक हौशी असला तरी पद्धत हौशी नव्हती, हे त्यातील मर्म आहे.

भारतात १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षीगणना होते. वेटलँड्स इंटरनॅशनल ही संस्था आणि आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांच्या समन्वयातून चालणारे हे काम मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर उभे आहे. तिच्या आकड्यांना केवळ अहवालमूल्य नाही. एखाद्या पाणथळीवर नियमितपणे २० हजार किंवा त्याहून अधिक पाणपक्षी येत असतील, अथवा एखाद्या जातीच्या वा उपजातीच्या एकूण संख्येपैकी १ टक्का तेथे आढळत असेल, तर ती जागा रामसर करारातील निकषास पात्र ठरते. म्हणजे कडाक्याच्या थंडीत बांधावर उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याने लिहिलेला आकडा त्या जागेच्या कायदेशीर भवितव्याशी जोडला जाऊ शकतो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींचा उपयोग करण्यात आला. त्यात विचारात घेतलेल्या ९४२ जातींपैकी केवळ ३३८ जातींचा दीर्घकालीन कल सांगता आला आणि त्यांपैकी २०४ जातींमध्ये घट आढळली. या घटीची चर्चा पुष्कळ झाली. प्रस्तुत लेखकास उरलेला आकडा अधिक अस्वस्थ करणारा वाटतो. ६०४ जातींविषयी दीर्घकालीन विधान करण्याइतकी माहितीच उपलब्ध नाही. त्या वाढल्या की घटल्या, हे सांगणारी जुनी वही कोणाजवळ नाही.

केवलादेवचा अनुभव

नांदूर मध्यमेश्वरला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ असे कौतुकाने म्हटले जाते. ही उपमा स्वीकारताना मूळ भरतपुरात काय घडले हेही लक्षात घेतले पाहिजे. राजस्थानातील केवलादेव हे भरतपूरचे पक्षीक्षेत्र १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्याच वर्षी तेथील चराईवर बंदी आली. गावकऱ्यांच्या म्हशी पिढ्यानपिढ्या त्या दलदलीत चरत असत. बंदीवरून नोव्हेंबर १९८२ मध्ये संघर्ष झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही ग्रामस्थांना प्राण गमवावे लागले. बंदीमागील तर्क वरकरणी बिनतोड होता : गुरे चरतात, वनस्पती नष्ट होतात, म्हणून गुरे थांबविली की पक्ष्यांचा अधिवास सुधारेल.

प्रत्यक्षात उलट घडले. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेथे १९८० च्या दशकात दीर्घकालीन अभ्यास केला. म्हशी गेल्यानंतर ‘पास्पॅलम डिस्टिकम’ नावाचे गवत पाणथळीत बेसुमार माजले. मोकळे पाणी आक्रसले, अन्य पाणवनस्पती दबल्या आणि त्याचा परिणाम पाणपक्ष्यांवर झाला. चराई ही त्या परिसंस्थेतील एक कार्यकारी शक्ती होती, असा निष्कर्ष अभ्यासातून पुढे आला. पुढे ग्रामस्थांना गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली.

हा अभ्यास व्यावसायिक शास्त्रज्ञांचा होता, स्वयंसेवकांचा नव्हे. तरीही आपल्या विषयाच्या दृष्टीने तो फार बोलका आहे. तेथे केवळ पक्षी मोजले असते तर पक्षी कमी झाले एवढेच कळले असते, आणि त्याचा दोष शिकारीला, अवर्षणाला किंवा पुन्हा त्या म्हशींनाच दिला गेला असता. कारण वनस्पतींच्या नोंदीत होते. चराईबंदीच्या आधीची व नंतरची स्थिती वर्षामागून वर्ष लिहून ठेवलेली होती, म्हणून एका लोकप्रिय समजुतीला पुराव्याने उत्तर देता आले.

नांदूर मध्यमेश्वर येथे पास्पॅलमच्या जागी जलपर्णी ठेवून पाहावी. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही तरंगती वनस्पती सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर पोसते आणि अनुकूल स्थितीत साधारण दोन आठवड्यांत आपले क्षेत्र दुप्पट करू शकते. हे अभयारण्य नाशिक शहराच्या खालच्या अंगाला आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. जलपर्णी पसरली की सर्वच पक्षी निघून जातात असे नाही. कमळपक्षी लांब बोटांच्या आधाराने तरंगत्या पानांवर सहज चालतो आणि जांभळ्या पाणकोंबडीलाही दाट वनस्पती मानवते. उलट बुडी मारून खाद्य शोधणाऱ्या बदकांना मोकळे पाणी हवे आणि शेकाट्या, तुतवार यांसारख्या पक्ष्यांना उथळ चिखल लागतो. त्यामुळे एकूण पक्षीसंख्या स्थिर दिसत असतानाही आतल्या आत समुदाय पालटत असू शकतो. एकूण बेरीज हा पाणथळीच्या आरोग्याचा सर्वांत दिशाभूल करणारा आकडा आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

पक्षी कसे मोजावेत

मोजणीचे बिंदू आधी ठरलेले व नकाशावर खुणावलेले असावेत आणि प्रत्येक बिंदूवरून कोणत्या दिशेचा किती भाग पाहावयाचा हेही निश्चित असावे. एक जण मोजतो, दुसरा लिहितो; मोजणाऱ्याने दुर्बिणीवरील डोळा काढून वहीत पाहू नये. वारकऱ्यांचा (कपाळावरील पांढऱ्या पट्ट्यामुळे गंध लावलेल्या माणसाची आठवण करून देणारा हा काळा पाणपक्षी) हजारोंचा थवा असेल तर एकेक पक्षी मोजणे शक्य नसते. अशा वेळी प्रथम १०, ५० किंवा १०० पक्षी प्रत्यक्ष मोजून त्यांनी व्यापलेला भाग डोळ्यांत भरून घ्यावा आणि तेवढेच भाग संपूर्ण थव्यावर किती वेळा बसतात ते पाहावे. मोठ्या थव्याचा अंदाज बहुधा वास्तवापेक्षा कमी येतो. ज्यांतील पक्षी आधीच मोजलेले आहेत अशा छायाचित्रांवर सराव करून ही त्रुटी बरीच कमी करता येते. वर्गातील एक तासिका त्यासाठी पुरेशी आहे.

उत्तम निरीक्षकाच्या नजरेतूनही काही थवे सुटतात. किती सुटले याचा अंदाज मात्र करता येतो. समजा, एकाच बिंदूवरून दोन निरीक्षकांनी परस्परांशी न बोलता नोंद केली. पहिल्यास १२ थवे दिसले, दुसऱ्यास १० आणि त्यांतील ८ थवे दोघांच्याही नोंदीत आहेत. दुसऱ्याने पाहिलेल्या १० पैकी ८ पहिल्याला दिसले, म्हणजे पहिल्याची पाहण्याची क्षमता ८० टक्के मानता येते. त्याने पाहिलेले १२ थवे हे एकूण थव्यांच्या ८० टक्के असतील, तर एकूण थवे १५ येतात. दोघांना मिळून १४ दिसले. सुमारे एक थवा दोघांच्याही नजरेतून सुटला. या गणितामागे दोघांच्या नोंदी स्वतंत्र असल्याचे गृहीतक आहे. ‘तो बघ, तिकडे चक्रवाक!’ असे एकाने दुसऱ्याला सांगितले की गणित कोसळते. विद्यार्थ्यांना हे पटविणे हा या कामातील सर्वांत अवघड भाग असतो, कारण आनंद वाटून घेण्याची त्यांची प्रवृत्ती अगदी स्वाभाविक असते.

याहून अधिक दुर्लक्षित राहते ती शून्य नोंद. बिंदूवर गेलो, ठरलेली २० मिनिटे पाहिले आणि कमळपक्षी दिसला नाही, तर कमळपक्ष्यापुढे शून्य लिहावयाचे. रकाना रिकामा ठेवणे म्हणजे शून्य नव्हे. रिकाम्या रकान्यातून पक्षी नव्हता, पाहिले नाही की ओळखता आले नाही, यांपैकी काहीच कळत नाही. स्वयंसेवकास शून्य लिहिताना संकोच वाटतो. आपली फेरी वाया गेली असे त्याला वाटते. पण एखादी जात एखाद्या पाणथळीवरून नाहीशी होते तेव्हा तिच्या जाण्याची एकमेव साक्ष हे शून्यच असते. दुर्मीळ पक्ष्याच्या छायाचित्राला वर्तमानपत्रात जागा मिळते, शून्याला मिळत नाही. म्हणून त्याची कदर निदान विभागप्रमुखाने तरी करावी.

नांदूर मध्यमेश्वरच्या बाबतीत आणखी एक रकाना अनिवार्य मानला पाहिजे, तो पाण्याच्या पातळीचा. हा निसर्गतः भरणारा तलाव नाही. वरच्या अंगाला गंगापूर, दारणा यांसारखी धरणे आहेत आणि बंधाऱ्यापासून गोदावरीचे डावे व उजवे कालवे निघतात. सिंचनाचे आवर्तन सुटले की पातळी बदलते. पाणी उतरले तर चिखल उघडा पडतो आणि किनाऱ्यावरील लहान पक्षी एकाएकी वाढलेले दिसतात. पाणी चढले तर तेच पक्षी आसपासच्या शेतांत विखुरतात. पातळीची नोंद नसेल तर पाटबंधारे खात्याचे वेळापत्रक आपण पक्ष्यांचा कल म्हणून वाचण्याचा धोका आहे.

वनस्पतींची नोंद

पक्ष्यांच्या तुलनेत वनस्पतींना स्वयंसेवक मिळणे कठीण. त्या उडत नाहीत, गात नाहीत, त्यांच्यासाठी पहाटे उठावे लागत नाही. वस्तुतः नवशिक्यासाठी हेच काम अधिक सोयीचे आहे, कारण संशय आला तर वनस्पती तेथेच असते आणि जाणकाराला पुन्हा दाखविता येते.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे स्थिर बिंदूवरील छायाचित्र. त्याच मनोऱ्यावरून, त्याच दिशेने, दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी एक छायाचित्र घ्यावे. त्यात सौंदर्याची अपेक्षा नाही. चौकटीत एखादे झाड किंवा खांब यांसारखी न हलणारी खूण असली म्हणजे झाले. अशी साठ छायाचित्रे ओळीने लावली की जलपर्णीचा पाच वर्षांचा इतिहास डोळ्यांसमोर उभा राहतो. किनाऱ्यावर १ मीटर बाय १ मीटरच्या चौकटी आखून त्यांतील प्रत्येक वनस्पतीने व्यापलेला भाग नोंदवावा. लव्हाळा किंवा गवत यांची रोपे मोजण्यात अर्थ नसतो. त्याऐवजी ५ टक्क्यांहून कमी, ५ ते २५, २५ ते ५०, ५० ते ७५ आणि ७५ टक्क्यांहून अधिक असे पाच वर्ग पुरतात. दोन विद्यार्थ्यांच्या अंदाजात ४० आणि ४५ टक्के असा फरक पडेल, पण वर्ग बहुधा एकच येईल. पाणकणीस, बेशरम आणि काठावरील वेडी बाभूळ यांच्या विस्ताराकडे यात विशेष लक्ष हवे.

काठावरील वृक्षांच्या ऋतुमानाची नोंद हा याला जोडून घेण्याजोगा उपक्रम आहे. ‘सीझनवॉच’ या देशव्यापी उपक्रमात तेच झाड दर आठवड्याला पाहून कोवळी, पक्व व गळती पाने, कळ्या, फुले, कच्ची व पिकली फळे यांची स्थिती नोंदविली जाते. केरळमधील शाळांनी त्यात मोठा वाटा उचलला आहे. महाविद्यालयाच्या आवारातील बहाव्यापासूनही हा सराव करता येतो.

महाविद्यालयाची भूमिका

पदवीचा विद्यार्थी तीन किंवा चार वर्षे महाविद्यालयात असतो. पहिल्या वर्षी तो पक्षी ओळखण्यास शिकतो, दुसऱ्या वर्षी त्याच्या नोंदी विश्वसनीय होतात आणि मग तो निघून जातो. निरीक्षक नवा असताना कमी पक्षी नोंदवितो व सरावाने त्याची संख्या वाढते. म्हणून अमेरिकेतील उपर्युक्त पाहणीच्या विश्लेषणात पहिल्या वर्षाच्या निरीक्षकाचा परिणाम वेगळा काढला जातो. आपल्याकडे तर दर वर्षी जवळजवळ सर्वच निरीक्षक नवे असण्याचा संभव आहे. तेव्हा प्रत्येक नोंदीसमोर निरीक्षकाचे अनुभवाचे वर्ष लिहावे आणि नव्या विद्यार्थ्यास पहिला हंगाम अनुभवी विद्यार्थ्याबरोबर लेखनिक म्हणून काम द्यावे, हे उपाय सुचविता येतात.

मूळ प्रश्न मात्र विद्यार्थ्यांच्या जाण्याचा नाही. अनेक उपक्रम एका उत्साही अध्यापकाभोवती उभे राहतात आणि त्याच्या बदलीबरोबर वा निवृत्तीबरोबर संपतात. वह्या घरी जातात, संगणकातील धारिका कोणाला उघडता येत नाही. मूल्यांकनासाठी येणाऱ्या समितीपुढे ‘उपक्रम राबविला’ एवढे पुरते, त्यामुळे दर वर्षी नवा उपक्रम घेण्याकडे कल असतो. संनियंत्रणाला नेमका याच्या उलट स्वभाव लागतो : तेच काम, त्याच जागी, त्याच रीतीने, दहाव्या वर्षीही. म्हणून नोंदवही व्यक्तीच्या नव्हे तर ग्रंथालयाच्या ताब्यात असावी, तिला दाखल क्रमांक असावा आणि प्रत्येक हंगामानंतर मोजणीचे आकडे ‘ई-बर्ड’सारख्या खुल्या संचातही भरले जावेत. २००२ साली सुरू झालेल्या या संचात दिसलेल्या सर्व जातींची पूर्ण यादी, वेळ, कालावधी आणि निरीक्षकांची संख्या देता येते, हे आपल्या प्रयोजनास सोयीचे आहे.

हे काम केवळ प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांचे आहे असा समज असतो, तो दूर होणे इष्ट. दोन निरीक्षकांचे वरील गणित संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी करावे; पाण्याच्या पातळीचा आणि आवर्तनांचा मेळ भूगोल विभागाने घालावा. मराठी विभागासही येथे काम आहे. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील सेवेत आदिवासी आणि अन्य स्थानिक लोकांकडून पशुपक्ष्यांची व वनस्पतींची नावे मिळवून मराठीत आणली. चापडगाव, मांजरगाव, खानगाव थडी या परिसरातील मच्छीमार आणि पक्षी दाखविणारे स्थानिक तरुण यांच्याजवळ असाच शब्दसंचय आहे. नोंदवहीत शास्त्रीय नाव असलेच पाहिजे. त्याशेजारी स्थानिक नावाचा रकाना ठेवल्यास, कोणत्या नावाने गावकरी कोणत्या पक्ष्याविषयी बोलतात हे कळते आणि पूर्वी कोणते पक्षी किती येत असत याविषयीच्या त्यांच्या आठवणी अभ्यासात घेता येतात. केवलादेव येथे म्हशींचे महत्त्व गावकऱ्यांना आधी विचारले गेले असते तर काय झाले असते, हा प्रश्न समाजशास्त्राच्या वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे.

कार्यवाहीच्या काही बाबी राहतात. अभयारण्यात अभ्यासासाठी प्रवेश करावयाचा असल्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ अन्वये परवानगी आवश्यक असते. त्यासाठी महाविद्यालयाने वनविभागाकडे हंगामापूर्वी पुरेसा अवधी ठेवून लेखी अर्ज करावा. वनस्पतींचे नमुने परवानगीशिवाय तोडू नयेत, ओळखीसाठी पान, फूल व खोड यांची छायाचित्रे घ्यावीत. घरट्यांजवळ जाऊ नये आणि थवा उडवून मोजण्याचा मोह टाळावा. पाणपक्षीगणना जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येते आणि अनेक महाविद्यालयांत तेव्हा सत्र नुकतेच सुरू झालेले किंवा परीक्षा चालू असतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे हिवाळी शिबिर या दिवसांत आणि या परिसरातील एखाद्या गावात घेतल्यास मनुष्यबळ, निवास व प्रवास यांची सोय एकदमच होते. दुर्बिणी विद्यार्थ्यांमागे एक असण्याची गरज नाही. दोन निरीक्षकांच्या प्रत्येक गटास एक दुर्बीण आणि मनोऱ्यावर एक स्थिर दूरदर्शी एवढ्यावर पहिला हंगाम पार पडतो.